कार्ताझ आणि काळी यादी

वसईचे नाव काढले, की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे चिमाजी अप्पांचा वेढा उभा राहतो. सुरुंग, खिंडारे, तटावर चढलेले जरीपटके आणि १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांनी ठेवलेली शस्त्रे, एवढा इतिहास आपल्या शाळेतील पोरेसुद्धा धडाधड सांगतात. परंतु त्या वेढ्याच्या आधी दोनशे वर्षे या किनाऱ्यावर जी सत्ता चालली, ती तोफांच्या जोडीने एका कागदावर चालली होती. आमच्या वटार गावाच्या उत्तरेला आगाशीची खाडी आहे आणि दक्षिणेला वसईचा किल्ला. या दोहोंच्या मधल्या पाण्यातून जाणाऱ्या तारवाला वारा अनुकूल असून भागत नसे. नाखव्याच्या पेटीत तो कागद आहे की नाही, यावर त्याचे जगणे-मरणे ठरे. त्या कागदाचे नाव कार्ताझ.

दिवाळीच्या फराळाबरोबर ही जुनी गोष्ट वाचकांपुढे ठेवण्याचे कारण असे, की तोच कागद नवे रूप घेऊन आज आपल्या घरात आला आहे. आपण धाडलेले ई-मेल कोणाच्या दारात अडते, कोणाच्या घरात सुखरूप पोहोचते, आणि अडले तर त्याचा जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न संगणकाबरोबर जन्माला आला असे पुष्कळांना वाटते. तो वसईच्या पाण्यावर पाचशे वर्षांपूर्वीच विचारला गेला होता.

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला. त्यानंतर चारच वर्षांनी, म्हणजे १५०२ पासून, पोर्तुगीजांनी मलबारच्या किनाऱ्यावर परवाने देण्यास प्रारंभ केला. त्यांच्यापाशी जहाजे थोडी आणि समुद्र अफाट. प्रत्येक गलबताची झडती घेणे अशक्य. तेव्हा त्यांनी सोपी युक्ती काढली. ज्याच्यापाशी आमचा कागद तो साव, ज्याच्यापाशी नाही तो चोर. ‘कार्ताझ’ हा शब्दही त्यांच्या घरचा नाही. कागदाला अरबी भाषेत ‘किर्तास’ म्हणतात, त्यावरून तो आला. तारवाचे नाव, त्याचा आकार, नाखुद्याचे नाव, कोठून निघाले, कोठे जाणार, हत्यारे किती, हे सारे त्यात लिहिलेले असे. मिरी व मसाल्याचे जिन्नस, घोडे आणि लढाईचे सामान नेऊ नये, तुर्कांना तारवावर घेऊ नये, अशा अटी असत. कागद नसला, किंवा कागदात नसलेले काही तारवावर सापडले, की माल जप्त आणि माणसे कैदेत. पुष्कळदा गत याहूनही वाईट होई.

आमच्या वसईचा या व्यवस्थेशी संबंध आला तो तहाच्या कलमातून. १५३० च्या सुमारास पोर्तुगीजांनी आगाशी लुटली व जाळली. त्या काळी आगाशी हे लाकडाच्या व्यापाराचे आणि जहाजबांधणीचे मोठे ठिकाण होते. पुढे गुजरातचा सुलतान बहादूरशाह हुमायूनच्या धाकाने पेचात सापडला आणि २३ डिसेंबर १५३४ रोजी त्याने नूनो द कुन्हा याच्याशी तह करून वसई व भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. या तहात मुलखाइतकेच महत्त्वाचे कलम समुद्राचे होते. गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईहून निघावे, परतताना वसईलाच येऊन जकात भरावी, आणि इतर कोठे जायचे तर पोर्तुगीजांचा परवाना घेतल्यावाचून निघू नये, असे त्यात ठरले. म्हणजे भूमी दिली एका तुकड्याची, आणि पाणी दिले साऱ्या राज्याचे!

कार्ताझाची फी फार नव्हती. कागद लिहिणाऱ्याला चार पैसे दिले की काम होई. व्यापाऱ्याला खरा भुर्दंड पडे तो फेऱ्याचा. खंबायतहून सरळ जाणारे तारू आधी पोर्तुगीजांच्या बंदरात न्यायचे, तेथे जकात भरायची, कप्तानाची मर्जी राखायची, वाऱ्याचा हंगाम टळला तर हात चोळीत बसायचे. ज्याला खरोखरच चोरी करायची असे, तो रात्रीच्या अंधारात लहान मचवा घेऊन निसटे. कष्ट पडत ते सरळ मार्गाने जाणाऱ्याला. यादी कोणतीही असो, तिचा हा गुण ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आता या व्यवस्थेतील गाठ पाहू. कागद एक जण देतो आणि तो समुद्रात तपासतो दुसराच. दोघांचे जमले नाही तर? १५०७ मध्ये कण्णूरजवळ हाच प्रसंग ओढवला. गोन्सालो वाझ नावाच्या कप्तानाने एक स्थानिक तारू अडविले. तारवावर कार्ताझ होता, आणि त्यावर कण्णूरच्या पोर्तुगीज किल्ल्याचा प्रमुख लोरेन्सो द ब्रितो याची सही होती. गोन्सालो वाझ म्हणाला, ‘सही खोटी आहे.’ त्याने माल लुटला, माणसे मारली, आणि प्रेते पाण्यावर तरंगून बभ्रा होऊ नये म्हणून ती शिडाच्या कापडात शिवून तारवासकट बुडविली. पण समुद्र कोणाचे गुपित पोटात ठेवीत नाही. शिवण उसवली, प्रेते किनाऱ्याला लागली. मेलेल्यांत कण्णूरच्या एका बड्या व्यापाऱ्याचा नातलग होता. गाव खवळले, राजा उलटला, आणि पोर्तुगीजांच्या किल्ल्याला वेढा पडला. तो ऑगस्टपर्यंत चालला. वेढ्यात सापडला कोण? ज्याने प्रामाणिकपणे सही केली होती तो ब्रितो. बुडविणारा मोकळ्या समुद्रात, आणि सही करणारा तटाच्या आत उपाशी!

सही खरी की खोटी हे तपासण्याची सोय समुद्रात नव्हती हे खरेच. परंतु तपासता येत नाही म्हणून बुडवावे, की तपासता येत नाही म्हणून सोडावे? गोन्सालो वाझने पहिला मार्ग पत्करला, कारण तारू बुडविण्याबद्दल त्याला जाब विचारणारे तेथे कोणी नव्हते. सोडून दिल्यावर ते शत्रूचे निघाले असते, तर मात्र त्याला जाब द्यावा लागला असता. पहारेकऱ्याचे मन आजही याच तराजूवर चालते.

दुसरा प्रसंग याहून मोठा आहे. अकबर बादशहाने १५७३ मध्ये गुजरात जिंकले, पण मक्केच्या यात्रेला जहाज धाडायचे तर त्यालाही पोर्तुगीजांचा कागद घ्यावा लागला. वर्षाला एक कार्ताझ त्याला विनामूल्य मिळे. दिल्ली-आग्र्याचा धनी, आणि पाण्यावर परक्याच्या चिठ्ठीचा आश्रित! पुढे जहांगिराच्या कारकिर्दीत, १६१३ मध्ये, त्याच्या आईचे ‘रहीमी’ हे प्रचंड जहाज तांबड्या समुद्राकडून सुरतेला परत येत होते. जहाजावर शेकडो यात्रेकरू होते आणि कार्ताझही रीतसर होता. तरी पोर्तुगीजांनी ते सुरतेच्या तोंडाशी पकडून गोव्याला नेले. कारण एवढेच, की मोगलांनी सुरतेत इंग्रजांना थारा दिला होता आणि त्याचा राग कोणावर तरी काढायचा होता. कुंपणानेच शेत खाल्ले! जहांगिराने दमणला वेढा घालण्याचे हुकूम सोडले, पोर्तुगीजांचा व्यापार बंद केला, आग्र्याच्या ख्रिस्तमंदिराला कुलूप ठोकले. १६१५ मध्ये तह झाला, परंतु कार्ताझाची पत गेली ती गेलीच. ज्याने ‘हा साव’ असे लिहून दिले, त्यानेच सावाला लुटले, तर त्या लिहिण्याला किंमत ती काय राहणार?

पुढे एकाच पाण्यावर अनेकांचे कागद चालू लागले. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे कुलाब्याहून आपले दस्तक देऊ लागले. ज्या तारवापाशी ते दस्तक नसेल, ते त्यांचे आरमार अडवी. युरोपियन त्यांना चाचा म्हणत. पण दोनशे वर्षे हेच काम करणाऱ्या आपल्या कप्तानांना त्यांनी कधी तसे म्हटल्याचे दिसत नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हेच खरे. १७१३ मध्ये आंग्रे आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात तह झाला. पण इंग्रजांचा कागद घेऊन जाणारे देशी व्यापाऱ्याचे तारू इंग्रजांचे मानायचे की नाही, यावरून पुढे बखेडे झालेच. एकाने दिलेल्या सावपणाची हमी दुसऱ्याने कितपत मानावी, हा वाद तेव्हा मिटला नाही. तो आजही मिटलेला नाही; फक्त समुद्र बदलला आहे.

आता त्या नव्या समुद्राकडे वळू. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थ्यूर्क नावाच्या विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात एकाच वेळी सुमारे चारशे लोकांना धाडली. न मागता आलेल्या अशा पत्राचे हे पहिले प्रसिद्ध उदाहरण होय. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ई-मेल पोहोचविण्याचे जे नियम लिहिले, ते मोजक्या ओळखीच्या मंडळींसाठी होते. त्यात पाठविणाऱ्याने आपले नाव काय लिहावे यावर काहीच पहारा नव्हता. पाकिटाच्या पाठीवर कोणीही कोणाचेही नाव घालावे, टपालवाल्याने निमूट पोहोचवावे! पुढे जग या जाळ्यात आले. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ पासून सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले. ओळखीच्यांची वस्ती मोडून जत्रा भरली, आणि जत्रेत खिसेकापू येणारच.

१९९७ मध्ये पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला. उपद्रवी पत्रे जेथून निघतात त्या संगणकांचे आकडी पत्ते त्यांनी एका यादीत नोंदविले आणि ती सर्वांना खुली केली. पत्र दाराशी आले, की घेणाऱ्याचा संगणक त्या यादीला विचारतो, ‘हा पत्ता तुमच्या वहीत आहे काय?’ क्षणार्धात उत्तर येते. ‘आहे’ असे आले की दार बंद. १९९८ मध्ये स्पॅमहाऊस ही संस्था निघाली, आणि अशा याद्यांचे पेवच फुटले. याद्या नसत्या तर ई-मेल कधीच बुडाले असते, हे कोणीही मान्य करील. कार्ताझ आणि काळी यादी यांतील मोठा फरकही येथे सांगितला पाहिजे. कार्ताझवाल्याने संकट स्वतः निर्माण केले आणि मग त्यापासून बचावाचा कागद विकला. काळी यादी खऱ्या उपद्रवातून, लोकांच्या गरजेतून जन्मली.

परंतु चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची चूक याद्यांकडूनही होते. आमच्या परिसरातील एका शाळेचे उदाहरण सांगतो. परदेशी शिकायला निघालेल्या एका विद्यार्थिनीच्या दाखल्याची खातरजमा तेथील विद्यापीठाने ई-मेलने मागविली. शाळेने त्याच दिवशी उत्तर धाडले. ते परत आले. पुन्हा धाडले, पुन्हा परत आले. मुदत जवळ येऊ लागली, मुलीच्या घरी जेवण गोड लागेना. चौकशीअंती कळले, की शाळेचे ई-मेल ज्या भाड्याच्या संगणकावरून जाते, त्याच संगणकावर आणखी शेकडो बिऱ्हाडे आहेत; त्यांपैकी कोणी तरी लॉटरीची पत्रे उधळली, आणि साऱ्या चाळीचाच पत्ता काळ्या यादीत गेला. भाड्याचा संगणक देणारे म्हणाले, ‘यादी आमची नाही.’ यादीवाल्यांचे उत्तर, ‘आम्ही पत्र अडवीत नाही, नुसती माहिती देतो.’ विद्यापीठाचे उत्तर, ‘आमच्यापर्यंत काही आलेच नाही.’ अखेर कागद टपालाने गेला आणि मुदतीच्या आदल्या दिवशी पोहोचला. मुलगी गेली, शिकली. पण दोष कोणाचा, हे त्या तिघांपैकी एकानेही सांगितले नाही.

‘आम्ही नुसती माहिती देतो’ या उत्तराची परीक्षा न्यायालयातही झाली आहे. एका अमेरिकन जाहिरात कंपनीने स्पॅमहाऊसवर दावा लावला. स्पॅमहाऊसने बचाव अर्धवट सोडला, तेव्हा २००६ मध्ये शिकागोच्या न्यायालयाने १ कोटी १७ लाख डॉलरांची भरपाई ठोठावली. अपिले होत होत २०११ मध्ये ती रक्कम अवघ्या ३ डॉलरांवर आली, कारण कंपनीला आपले नुकसान सिद्ध करता आले नाही. रकमेचा निकाल लागला, पण जबाबदारीचा प्रश्न उरलाच.

यादी वापरणाऱ्याचीही जबाबदारी असते, हे दाखविणारा प्रसंग ऑगस्ट २००३ चा. ओसिरुसॉफ्ट नावाची एक यादी तिच्या चालकाने हल्ल्यांना कंटाळून बंद केली, आणि बंद करताना जगातील प्रत्येक पत्त्याला ‘हा चोर’ असे उत्तर देण्याची व्यवस्था केली. जे पहारेकरी डोळे मिटून तिला विचारीत होते, त्यांच्या दारात एकही पत्र येईना. यादी एकाची असली तरी कडी लावणारा हात दुसऱ्याचा असतो, आणि कडी लावण्यापूर्वी त्या हाताने विचार करायला हवा.

या अनुभवांतून काही शहाणपण आले. जानेवारी २०१२ मध्ये इंटरनेटच्या जाणकारांनी अशा याद्यांसाठी एक आचारसंहिता टिपून ठेवली. नाव कोणत्या कारणाने यादीत जाते ते उघड सांगावे. नाव काढून घेण्याची वाट सर्वांना दिसेल अशी ठेवावी. नाव काढण्यासाठी पैसे मागू नयेत. आणि यादी बंद करायची तर व्यवस्थित बंद करावी. यातील पैशाचे कलम वाचताना मला वसईच्या जकातीची आठवण झाली. काही यादीवाले ‘लवकर सुटका हवी तर पैसे भरा’ असे म्हणत आले आहेत. ज्या दिवशी यादी पैसे मागते, त्या दिवशी ती पहारा सोडून बंदर होते.

दुसरीकडे पांढरी यादीही वाढत चालली आहे. आता नुसते चोर टिपून भागत नाही, सावाने आपले सावपण सिद्ध करावे असा आग्रह आहे. त्याची साधनेही खरोखर चतुर आहेत. आपल्या नावाने कोणते संगणक पत्र धाडू शकतात ते आधीच जाहीर करायचे. पत्रावर अशी मुद्रा उठवायची, की वाटेत एक अक्षर बदलले तरी ती जुळू नये. आणि मुद्रा जुळली नाही तर काय करायचे तेही लिहून ठेवायचे. आपल्या जुन्या दफ्तरांतही पत्राचा मजकूर जेथे संपे तेथे मोर्तब करीत, म्हणजे खाली कोणाला दोन ओळी घुसडता येऊ नयेत. कल्पना तीच. कण्णूरच्या त्या तारवापाशी अशी मुद्रा असती, तर ‘सही खोटी’ म्हणण्याची सोय गोन्सालो वाझला उरली नसती.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्यांना ही सारी साधने सक्तीची केली. आपल्या देशातही १ ऑक्टोबर २०२४ पासून मोबाईलच्या व्यापारी संदेशांत जे दुवे घालायचे, ते आधी नोंदवून मान्य करून घ्यावे लागतात. नोंद नसलेला दुवा असेल तर संदेश अडतो. फसवणुकीने पेन्शनरांची आयुष्यभराची पुंजी गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा हा बंदोबस्त कोणाला नको म्हणवेल?

तरीही इतिहासाचा एक इशारा आहे. ‘पकडलेला तेवढा चोर, बाकी सारे साव’ येथून आपण ‘नोंदलेला तेवढा साव, बाकी सारे चोर’ येथपर्यंत हळूहळू आलो. ही दुसरी रीत कार्ताझाची. मोठ्या पेढ्यांना, मोठ्या कंपन्यांना नोंदणीचा त्रास वाटत नाही. त्यांच्यापाशी त्यासाठी माणसे असतात. फेरा पडतो तो लहानाला. खेड्यातली शाळा, मच्छीमारांची सोसायटी, पानवेलीच्या व्यापाऱ्याची छोटी पेढी, गावचे वाचनालय, यांनी मुद्रा कोठून आणायच्या आणि कोणाच्या दारात तिष्ठायचे? १६०९ मध्ये ग्रोटियस नावाच्या डच पंडिताने पोर्तुगीजांना विचारले होते, समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, तर तुम्ही वाट अडविता कोणत्या हक्काने? ई-मेलची वाटही कोणा एकाच्या मालकीची नाही. दार ज्याचे त्याचे आहे, आणि आपल्या दाराला कडी लावण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण गावातली बहुतेक सारी दारे दोन-तीन धन्यांचीच झाली, की त्यांच्या दाराची कडी हीच गावाची वेस होऊन बसते.

म्हणून जबाबदारीची वाटणी अशी व्हावी. पत्र धाडणाऱ्याने आपले घर स्वच्छ ठेवावे, आपल्या नावाने दुसरा बोलणार नाही याची तजवीज करावी. यादी ठेवणाऱ्याने नाव घालण्याचे कारण सांगावे आणि चूक कळताच, विनामोबदला, नाव काढावे. आणि दार लावणाऱ्याने ‘यादीत होते म्हणून’ एवढ्यावर सुटू नये; पत्र अडविले तर तसे धाडणाऱ्याला कळवावे, आणि दाद मागायला एक जिवंत माणूस ठेवावा. शेवटचे ओझे सर्वांत जड, आणि ते याच्याच खांद्यावर पडते. कारण कण्णूरला तारू बुडविले ते कागदाने नव्हते. गोन्सालो वाझने बुडविले होते.

आपणही, वाचकहो, लहानसे दारवानच आहोत. आपल्या ई-मेलच्या पेटीत ‘स्पॅम’ नावाची एक कोठडी असते. तिच्यात पडलेली पत्रे बहुतेक ठिकाणी महिनाभराने आपोआप नष्ट होतात. लॉटऱ्या आणि खोट्या बँकांच्या गर्दीत कधी एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचे पत्र असते, कधी नोकरीचे बोलावणे, कधी दूरदेशीच्या भाच्याची दिवाळीची खुशाली. ते उचलून ‘हा स्पॅम नाही’ असे एकदा सांगितले, की पुढच्या वेळी त्याची वाट बरीच सोपी होते. वसईचा कप्तान हे काम पैसे घेऊन करी, आपल्याला एक बोट हलवावे लागते. सणाच्या या चार दिवसांत, पणत्या लावून झाल्यावर, ती कोठडी एकदा उघडून पाहावी.